चव्हाट्यावरची चोरी

नगरच्या कोणत्याही दैनिकाचे आतले पान उघडावे. एक ठरलेली बातमी तिथे वरचेवर भेटते. अमुक गावाच्या शिवारात, झाडाच्या आडोशाला, तिरट नावाचा हारजितीचा जुगार खेळताना इतके इसम मिळून आले. रोख रक्कम, मोबाइल आणि दुचाकी असा इतक्या रुपयांचा मुद्देमाल जप्त. जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा दाखल. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण बातमीचा साचा तोच राहिला. इसम किती आणि दुचाक्या किती, हे तीत अचूक असते. तिरट कसा खेळतात, त्यात कोण कशामुळे हरतो, हे मात्र तीत कधीच नसते.

आमची तक्रार वार्ताहरांविषयी नाही. साहित्याचे अध्यापन करणारे आम्हीही असाच पंचनामा करत आलो आहोत. संहितेत जुगार दिसला की आम्ही ठराविक मुद्देमाल जप्त करतो: व्यसन, नियती, अधःपतन, पुरुषार्थाचा ऱ्हास. सभापर्व असो वा 'मृच्छकटिक', जुगारी कसा आहे हे आम्ही सांगतो. जुगार कसा आहे हे सांगत नाही. कारण ते आम्हाला ठाऊकच नसते. खेळाचे नियम ठाऊक असणे हे वाचकाला कमीपणा आणणारे आहे, अशीही एक समजूत आपल्या अभ्यासकवर्गात आहे. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत केवळ वाङ्मयीन नाही, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

निमित्त एका विद्यार्थ्याचे झाले. फोनवरील पैशांच्या खेळांवर बंदी येण्यापूर्वीची ही गोष्ट. द्यूतप्रसंगावरचा तास संपल्यावर तो मागे थांबला आणि म्हणाला, "धर्मराज नियमाने खेळला आणि नियमाने हरला. मग द्रौपदीचं म्हणणं नेमकं काय होतं?" आम्ही जे उत्तर दिले ते पाठ्यपुस्तकी होते. पुढे कळले की खाणावळीसाठी घरून आलेले चार महिन्यांचे पैसे तो फोनवरच्या पत्त्यांत घालवून बसला होता. रागावण्यात अर्थ नव्हता. त्याचे एकच वाक्य मनात राहिले: "मला खेळ येत होता."

'खेळ येणे' म्हणजे काय, हे तपासण्यासाठी आम्ही एक जुगार मुळापासून शिकायचे ठरवले. निवड केली ती ब्लॅकजॅकची, म्हणजे एकविसाच्या डावाची. कारण सोपे होते. या खेळाचे नियम छापील आहेत, त्याचे गणित उघडपणे मांडले गेले आहे, आणि यात समोरच्याचा स्वभाव ओळखण्याचा प्रश्न नाही. शिवाय त्याला साहित्यिक कूळही आहे. एकविसाच्या डावाचा सर्वांत जुना समजला जाणारा उल्लेख 'डॉन किहोते'च्या कर्त्याचा, सर्व्हान्टिसचा आहे. १६१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कथासंग्रहातील दोन भुरट्या पोरांना हा डाव येतो, अर्थात लबाडीने. आम्ही मात्र घरी, मुलांच्या सुट्टीतल्या जुन्या कॅटवर, चिंचोके पणाला लावून शिकलो.

नियम थोडे आहेत. दुर्री ते दश्शी या पानांना त्यांच्या अंकाइतके गुण. गुलाम, राणी, राजा यांना प्रत्येकी दहा. एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. किलवर, इस्पिक, बदाम, चौकट असा भेद इथे नाही आणि हुकूमही नाही. खेळणाऱ्याला दोन पाने मिळतात. वाटणाराही दोन घेतो. त्यांतले एक उघडे, एक झाकलेले. एकवीसच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे, पण ओलांडायचे नाही. हवे तर आणखी पान मागावे, नको तर थांबावे. बेरीज एकवीसच्या वर गेली की डाव फुटला आणि पैसे गेले. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचे पान आले तर तो खरा ब्लॅकजॅक. त्याला दीडपट मिळते. दोघांची बेरीज सारखी झाली तर पैसे परत. पहिली दोन पाने पाहून लावलेली रक्कम दुप्पट करता येते. दोन्ही पाने एका मोलाची असतील तर त्यांचे दोन डाव करता येतात. वाटणाऱ्याला मात्र असले कोणतेच स्वातंत्र्य नाही. सोळापर्यंत त्याने पान घेतलेच पाहिजे, सतरा झाले की थांबलेच पाहिजे.

पहिल्या वाचनात हे सारे खेळणाऱ्याच्या बाजूचे वाटते. निवड त्याच्याकडे, वाटणारा यंत्रासारखा बांधलेला. दीडपट त्याला, वाटणाऱ्याला नाही. रक्कम वाढवायची ती त्यानेच. मग डाव मांडणाऱ्याचे पोट कशावर भरते? आमच्याकडच्या अड्ड्यांवर ते उघड असते. अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो. त्याला 'नाल' म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावे असे सांगितले आहे. ब्लॅकजॅकच्या मेजावर अशी नाल कोणी काढताना दिसत नाही. मग ती कुठे आहे?

ती क्रमात आहे. आधी खेळणारा खेळतो, नंतर वाटणारा. खेळणारा फुटला की त्याचे पैसे तत्क्षणी उचलले जातात. पुढे वाटणारा स्वतः फुटला तरी ते परत येत नाहीत. दोघेही फुटले असता 'दोघे सारखे' हा नियम लागू होत नाही, कारण पहिला आधीच खेळाबाहेर गेलेला असतो. वाटणारा आपल्या नियमाने खेळताना शंभरात सुमारे अठ्ठावीस वेळा फुटतो. खेळणाऱ्याने त्याचीच नक्कल करून खेळायचे ठरवले तर तोही तितक्याच वेळा फुटेल, आणि शंभरात सुमारे आठ डाव असे निघतील की ज्यांत दोघेही फुटले, पण पैसे एकाचेच गेले. ब्लॅकजॅकच्या दीडपटीने त्यांतले सव्वादोन-अडीच भरून येतात. उरलेले साडेपाचांच्या आसपास ही मांडणाऱ्याची नाल. कौटिल्याच्या पाचाच्या जवळपासच ती येते, पण कोणाचा हात पुढे झालेला दिसत नाही. 'आधी तुम्ही' या सौजन्यात ती दडलेली आहे.

इथे आम्हाला नेवासे आठवले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला. तिच्या दहाव्या अध्यायात विभूतींची यादी येते. तिथे गीतेने द्यूताला बसवले आहे ते छळणाऱ्यांच्या, फसवणाऱ्यांच्या रांगेत. नशिबाच्या किंवा दैवाच्या रांगेत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. ज्ञानेश्वरांनी त्यावर जी पुस्ती जोडली आहे तिचा आशय असा की, ही भर चव्हाट्यावर होणारी चोरी असून कोणालाही ती निवारता येत नाही. आम्ही ही ओवी अनेकदा शिकवली होती आणि दरवेळी तिला एक सुंदर चमत्कृती म्हणून सोडून दिले होते. चिंचोके हरल्यावर तिचा अर्थ लागला. चोरी चव्हाट्यावर होते कारण नियम सर्वांना ठाऊक असतात. निवारता येत नाही कारण ते सर्वांनी मान्य केलेले असतात. नियम मोडून केलेल्या लबाडीला पकडता येते. नियमातच असलेल्या लबाडीला पकडायला नियम वाचावा लागतो.

आता द्रौपदीकडे वळू. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) द्रौपदीच्या प्रश्नाविषयी कठोर मत दिले आहे. सभेत ओढून आणली जात असताना तिने कायद्याचा काथ्याकूट करावा, पंडिता होऊन वाद घालावा, ही त्यांना तिची मोठी चूक वाटते. क्षात्रधर्माच्या नावाने दयेची, सभ्यतेची हाक तिने घालायला हवी होती. प्रश्नाचे उत्तर कोणतेही आले असते तरी हानी तिचीच होती, असे त्यांचे म्हणणे. इरावतीबाईंच्या दृष्टीची धार मान्य करूनही आम्हाला आता हे पटत नाही.

द्रौपदीने काय विचारले होते? त्या जुगाऱ्याला जाऊन विचार, आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? हा प्रश्न क्रमाचा आहे. दैव अनुकूल होते का, फासे खोटे होते का, युधिष्ठिर व्यसनी आहे का, यांतले काहीही ती विचारत नाही. ती विचारते, आधी कोण? कारण डाव फुटून खेळाबाहेर गेलेला माणूस पुढचे पान मागू शकत नाही. जो स्वतःला हरला त्याच्याजवळ पणाला लावायला काही उरत नाही. आणि तरीही त्याच्याकडून पुढचा पण वदवून घेतला गेला, तोही शकुनीने सुचवल्यावर. विकर्ण नेमके हेच सभेत मांडतो. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून थांबतात. सभेतल्या सर्व खेळाडूंत आणि जाणत्यांत नियम वाचला तो न खेळलेल्या स्त्रीने. तिची हाक दयेची असती तर सभेला ती नाकारता आली असती. दयेला नकार देण्याची सवय राजसभांना असते. प्रश्न क्रमाचा होता म्हणून सभा निरुत्तर झाली.

नियमभंग त्याआधीही झालेला होता. पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीचे, ही मांडणीच विषम आहे. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे आपल्याला योग्य वाटत नाही, असे युधिष्ठिर सुरुवातीलाच म्हणतो आणि मग खेळायला बसतो. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. धर्मराज नियमाने हरला नाही. नियम बिघडलेला आहे हे दिसत असताना तो बसला, आणि बसल्यावर तोच नियम ठरला. अनुद्यूतालाही तो पुन्हा गेला.

मराठी गद्याच्या उगमापाशीही एक हरलेला डाव आहे, हे आपण फारसे बोलून दाखवत नाही. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या पूर्वायुष्याची जी हकीकत येते तीत गुजरातेतल्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगारात हरतो आणि पत्नी कमळाइसेकडे तिचे दागिने मागतो. ती देत नाही. त्यातून त्याला जे वैराग्य येते ते त्याला रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर काढते, ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंपर्यंत पोचवते, आणि पुढे हेच पाऊल गोदाकाठी, आमच्या जिल्ह्यातल्या डोमेग्रामापर्यंत येते. अभ्यासक या प्रसंगाकडे वैराग्याचे निमित्त म्हणून पाहतात आणि पुढे जातात. आम्हाला कमळाइसेचा नकार महत्त्वाचा वाटतो. द्रौपदीला विचारलेच गेले नाही. कमळाइसेला विचारले गेले आणि तिने पुढचा पण होऊ दिला नाही. जुगाराच्या कथांमध्ये खेळ कुठे थांबायला हवा हे खेळाबाहेरच्या व्यक्तीला दिसते, ही गोष्ट दोन अगदी भिन्न ग्रंथांत सारखीच आढळावी, हा योगायोग नसावा.

मग खेळणाऱ्याला ते शिकता येते की नाही? वनपर्वातले नलोपाख्यान याच प्रश्नाभोवती फिरते. सर्वस्व हरलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल मोजून पाहतो तर संख्या जुळते. अश्वविद्येच्या बदल्यात तो त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे वर्म, शिकून घेतो. बेहड्याची फळेच त्या काळी फासे म्हणून वापरत, हे लक्षात घेतले की हा प्रसंग चमत्काराचा राहत नाही. तो गणनेचा होतो. आख्यान संपल्यावर बृहदश्व ऋषी तीच विद्या युधिष्ठिरालाही देतो. क्रम पुन्हा पाहावा: विद्या आली ती वनवासात, हरून झाल्यावर.

ब्लॅकजॅकलाही त्याचे ऋतुपर्ण लाभले. १९५६ साली अमेरिकी सैन्यात असलेल्या चार गणितज्ञांनी साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून प्रत्येक पानाला काय करावे याचे कोष्टक प्रसिद्ध केले. सोळा हातात असताना समोर दश्शी दिसली तर पान घ्यावे, छक्की दिसली तर थांबावे, अशा स्वरूपाचे ते आहे. ते तंतोतंत पाळले तर चांगल्या नियमांच्या मेजावर शंभर रुपयांमागचा तोटा अर्ध्या रुपयाच्या आसपास येतो. कमी होतो, नाहीसा होत नाही. १९६२ साली एडवर्ड थॉर्प यांनी, गेलेली पाने लक्षात ठेवली तर पारडे खेळणाऱ्याकडे झुकवता येते, हे पुस्तक लिहून दाखवले. त्यावर मांडणाऱ्यांनी काय केले? एका कॅटच्या जागी सहा-आठ कॅट आणले, पत्ते लवकर पिसू लागले, मोजणाऱ्याला मेजावरून उठवू लागले. कित्येक मेजांवर ब्लॅकजॅकचे शंभराला दीडशे जाऊन एकशे वीस झाले. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो. म्हणजे या एका बदलाने शंभरामागे जवळजवळ दीड रुपया नाल वाढली. खेळणाऱ्याला खेळ येऊ लागला की मांडणारा नियम बदलतो. नियम बदलण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे 'मला खेळ येतो' या वाक्याला फारसे बळ उरत नाही.

आपल्या कायद्याने मात्र बराच काळ सारा भर या 'येण्या'वर दिला. १८८७ च्या जुगारविषयक कायद्यातच कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कोणते पान ठेवावे, कोणते टाकावे याला स्मरण आणि कसब लागते म्हणून ती प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरवली आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाच्या बाजूला ठेवले. कायद्याच्या दृष्टीने हा भेद समजण्यासारखा आहे. पण पुढे 'कौशल्य' हा शब्द जाहिरातीत गेला आणि त्याने आमच्या गावोगावच्या पोरांना गिळले. रमीत कौशल्य असते हे खरे. ते खेळणाऱ्या-खेळणाऱ्यांमधले असते. डाव मांडणारा शुल्काच्या नावाने नाल काढतो ती कुशल आणि अकुशल दोघांच्या पैशांतून. बसलेल्यांपैकी कोण जिंकेल हे कौशल्याने ठरेल. सगळे मिळून हरणार हे आधीच ठरलेले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेद बाजूला ठेवून दोन्हींवर बंदी घातली. बंदीचे काय होईल ते होवो. शेतातल्या तिरटावर एकशे अडतीस वर्षांपूर्वीच बंदी घातलेली होती, आणि बातमी अजून येतेच आहे.

महाराष्ट्रात ब्लॅकजॅकचे मेज कायदेशीररीत्या कधी लागलेच नाही. १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा अमलात न येता पडून राहिला आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. तरी मांडवी नदीतल्या जहाजांवर हे मेज आहे आणि तिथपर्यंत जाणारी माणसे आपलीच आहेत. म्हणून साहित्याच्या वर्गात पत्त्यांचे नियम सांगणे म्हणजे मुलांना वाट दाखवणे, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. 'एकच प्याला' शिकवताना आपण दारू गाळायला शिकवत नाही, असे एक सहकारी म्हणाले. त्यावर आमचे म्हणणे इतकेच की दारूचा अंमल समजायला तिची कृती लागत नाही. जुगार मात्र नियमांचाच बनलेला असतो. नियम वगळले तर मागे राहतो तो केवळ धिक्कार, आणि धिक्कार ऐकणाऱ्याला आपण वेगळे आहोत, आपल्याला खेळ येतो, असे वाटत राहते.

नियम कळले म्हणजे माणूस सुटतो, असाही आमचा दावा नाही. 'मृच्छकटिका'तल्या संवाहकाला नियम ठाऊक आहेत, सभिकाचे देणे ठाऊक आहे, तरीही फाशांचा आवाज कानी आला की त्याचे पाय वळतात. ज्ञान व्यसनाला पुरे पडत नाही. पण 'नशिबाने हरलो' आणि 'कौशल्य कमी पडले' ही जी दोन वाक्ये हरलेल्या माणसाला पुन्हा डावावर नेतात, ती दोन्ही नियम वाचल्यावर खोटी ठरतात. एवढे काम वाचन करू शकते. साहित्याच्या वर्गाने तेवढे तरी करावे.

तो विद्यार्थी पुढे एका रविवारी आमच्याकडे आला. आम्ही वाटणारे झालो, तो खेळणारा. वाटणाऱ्याचाच नियम पाळून त्याने शंभर डाव खेळायचे ठरले. तो फुटला की चिंचोका आम्ही उचलायचो. पण घरचाच खेळ असल्याने नंतर आमचीही पाने उघडून पाहायचो आणि आम्हीही फुटलो असलो तर तो वहीत फुली मारायचा. संध्याकाळपर्यंत सात फुल्या झाल्या. त्याने त्या सात चिंचोक्यांची वेगळी रास केली आणि विचारले, "हे कोण हरलं?"

आम्ही म्हणालो, दोघेही. तू आधी.